रक्त कुठून आलं, कसं दिसलं, ते आधी सांगा: वाचकांचे प्रश्न

"मॅडम, जनावराला रक्त येतंय, काय देऊ?" असा मेसेज मला जवळजवळ रोज येतो आणि त्याला खरंच उत्तर नाहीये. रक्तस्राव हा रोग नाही, रोगाची खूण आहे. रक्त कुठून आलं, पातळ होतं की गोठलेलं, ठिपके होते की मोठे चट्टे, एकाच जागी की अंगभर, हे कळल्याशिवाय कारण सापडत नाही आणि कारण सापडल्याशिवाय "रक्त थांबवायचं इंजेक्शन" मारून घेण्यात फक्त वेळ जातो. आलेल्यांपैकी काही प्रश्न घेतेय.

प्रश्न: गाईचा माज संपल्यावर दोन दिवसांनी शेपटीला रक्त दिसलं. शेजारी म्हणतात गाभ गेला.

नाही गेला. माज ओसरल्यावर गर्भाशयाच्या अस्तरातून थोडं रक्त येतं, कालवडींमध्ये तर जास्तच दिसतं, त्यावरून गाय लागली की नाही यातलं काहीच कळत नाही. तारीख लिहून ठेवा. रक्त भरपूर असेल, घाण वास असेल किंवा गाय गाभण असताना आलं असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

प्रश्न: मी व्हेटर्नरीला दुसऱ्या वर्षाला आहे. पेटेकिया, एकिमोसिस यात गोंधळ होतो आणि पोस्टमॉर्टेमला प्रत्येक लाल जागा हॅमरेजच, म्हणजे रक्तस्रावच वाटते.

पहिला भाग सोपा आहे. टाचणीच्या टोकाएवढे, १-२ मिमीचे ठिपके म्हणजे पेटेकिया, त्याहून मोठे, साधारण २-३ सेंमीपर्यंतचे डाग म्हणजे एकिमोसिस, रंगाचा ब्रश ओढल्यासारखे पट्टे दिसले तर त्यांना पेंटब्रश हॅमरेज म्हणतात आणि रक्त साठून गोळा झाला तर हिमॅटोमा. पण नुसती नावं पाठ करू नकोस, रक्त बाहेर कसं आलं ते बघ. मार लागून किंवा शिंग घुसून रक्तवाहिनी फाटली तर एकाच जागी भरपूर रक्त सापडतं. वाहिनी न फाटता तिच्या भिंतीतून रक्त झिरपलं तर बारीक ठिपके आणि तेही अनेक अवयवांवर, जसे गुरांच्या घटसर्पात हृदयावर आणि फुफ्फुसाच्या आवरणावर दिसतात. तिथे जंतूंच्या विषाने भिंत खराब झालेली असते, किंवा रक्त गोठवायला लागणाऱ्या बारीक पेशी, म्हणजे प्लेटलेट तरी घसरलेल्या असतात.

दुसरा भाग महत्त्वाचा. मेल्यावर रक्त खालच्या बाजूला उतरतं, म्हणून जनावर कुठल्या कुशीवर पडलं होतं ते आधी विचार. नुसतं कन्जेशन असेल, म्हणजे रक्त तुंबलेलं असेल तर ते वाहिनीतच असतं, छेद देऊन पुसलं की रंग उतरतो, हॅमरेजचा डाग मांसात मुरलेला असतो, तो जात नाही. हृदयावरचे दोन-चार ठिपके मरतानाच्या धडपडीतही येतात, तेवढ्यावरून निदान लिहू नकोस. आणि जखमेचा रंग बघ, ताजी लाल, मग निळसर, मग हिरवट-पिवळी, शेवटी तपकिरी, म्हणजे हिरवट झालेला मार कालचा नसतो. शंका असेल तर १ सेंमीपेक्षा जाड नसलेला तुकडा दहापट फॉर्मॅलिनमध्ये टाक आणि तुझ्या सरांना दाखव, फोटो पाठवून निदान होत नाही.

प्रश्न: सकाळी गोठ्यात गाय मेलेली सापडली, रात्री चांगली होती. नाकातून आणि मागून काळं रक्त आलेलं. सगळे म्हणाले साप चावला. विमा होता म्हणून पोस्टमॉर्टेम हवं होतं पण डॉक्टरांनी फाडायलाच नकार दिला, फक्त कानातून रक्त घेऊन गेले. हा कामचुकारपणा नाही का?

अजिबात नाही, उलट त्या डॉक्टरांचे आभार माना. धडधाकट जनावर अचानक मेलं, तोंडा-नाकातून किंवा मागून डांबरासारखं काळं रक्त येतंय, ते गोठत नाहीये, अंग पुरतं ताठलेलं नाही, तर पहिली शंका फाशीची, म्हणजे काळपुळीची, ज्याला ॲन्थ्रॅक्स म्हणतात. अशा जनावराला चिरायचं नाही, कातडं काढायचं नाही, शिंगं कापायची नाहीत. हे मी कितीतरी वर्षं सांगतेय आणि तरी दर पावसाळ्यात कुणीतरी विळा घेऊन उभं असतं.

कारण समजून घ्या. हे जंतू बंद मढ्यात असतील तर कुजण्याच्या प्रक्रियेत बरेचसे मरतात. मढं उघडलं, रक्त सांडलं, हवा लागली की ते स्वतःभोवती कवच करतात, त्याला स्पोअर म्हणतात, आणि ते मातीत कित्येक दशकं जिवंत राहतात. ब्रिटिशांनी १९४२ मध्ये स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर या जंतूचे प्रयोग केले, ते बेट माणसांसाठी सुरक्षित म्हणून जाहीर व्हायला १९९० साल उजाडलं, तेही माती फॉर्मॅल्डिहाइडने धुऊन काढल्यावर. तुमच्या गायरानाची माती कोण धुणार आहे? एकाने हौसेने फाडलेल्या गाईमुळे त्याच जागी चरणारी जनावरं पुढची अनेक वर्षं मरू शकतात. आणि कातडं काढणाऱ्या माणसाच्या हाताला फोड येतो, मधे काळी खपली धरते, दुखत नाही म्हणून तो दवाखान्यात जात नाही, आणि हा रोग माणसाचा जीव घेऊ शकतो.

म्हणून कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त घ्यायचं, काचपट्टीवर पसरायचं, रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघायचं. हीच तपासणी आधी, फाडणं नंतर, आणि जंतू सापडले तर फाडणं कधीच नाही. तुमच्या डॉक्टरांनी नेमकं हेच केलं.

आता सापाचं. घोणस किंवा फुरसं चावलं तरी रक्त गोठत नाही, म्हणून गावकऱ्यांची शंका अगदी वेडेपणाची नाही, पण तिथे चावल्या जागी बहुतेक वेळा भरपूर सूज असते. पोटफुगीने मेलेल्या जनावराच्या नाकातूनही लालसर फेस येतो. नुसतं बघून मलाही सांगता येणार नाही, मग गावकऱ्यांना कसं येईल? रिपोर्ट येईपर्यंत कुत्री-कावळे लांब ठेवा, पुरायचं की जाळायचं आणि कुठे ते डॉक्टरांनाच ठरवू द्या, गोठ्यातल्या बाकीच्या जनावरांचा ताप मोजा. विम्याला कुठला कागद चालेल ते कंपनीला आणि डॉक्टरांना लगेच विचारा. मढ्याला ज्यांनी हात लावला त्यांनी माणसांच्या डॉक्टरांना दाखवा, आजच.

प्रश्न: कुत्र्याचा उन्हाने घोळणा फुटतोय. थंड काय द्यावं?

ऊन सोडा, आधी गोचिडी बघा. गोचिडीतून होणाऱ्या एर्लिकियामध्ये प्लेटलेट घसरतात आणि नाकातून रक्त येतं. हिरड्या आणि पोटाची कातडी उजेडात बघा, लाल ठिपके दिसले तर त्यावर काच दाबा, रंग जात नसेल तर ते रक्त कातडीत उतरलेलं आहे. ॲस्पिरिन किंवा माणसांची दुखण्याची गोळी अजिबात देऊ नका, रक्तस्राव वाढेल. प्लेटलेट काउंट करून घ्या. "टिक फीव्हर किट" म्हणून दुकानात जे तपासणीशिवाय गळ्यात मारतात ते घेऊ नका, कारण नाकात गाठ असली किंवा काही अडकलं असलं तरी रक्त येतं, बहुतेकदा एकाच नाकपुडीतून.

प्रश्न: शेळीचा कान पुरीसारखा फुगलाय. सुई मारून रक्त काढू का?

नको, परत भरेल आणि पू होईल. खाजेने कान झटकून आतली शीर फुटते, ती खाज कशाची ते डॉक्टरांकडून बघून घ्या.

प्रश्न: कोंबड्या मरतायत. एक कापली तर आत लाल ठिपके होते. औषधाच्या दुकानदाराने फोटो बघून मानमोडी सांगितली आणि तीन बाटल्या दिल्या.

ठिपके कुठे होते ते तुम्ही लिहिलंच नाही आणि त्यानेही विचारलं नाही. पोटाच्या ग्रंथींच्या टोकांवर असतील तर मानमोडीची शंका, मांडीच्या आणि छातीच्या मांसात असतील तर गम्बोरो, आतड्याच्या दोन आंधळ्या पिशव्या रक्ताने भरल्या असतील तर कॉक्सी, म्हणजे आतड्यातल्या परजीवींचा रोग. पहिल्या दोन्ही व्हायरसच्या, त्यावर बाटलीतलं औषध चालत नाही. आणि बर्ड फ्लूमध्येही असेच रक्ताचे डाग दिसतात, २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा काय झालं ते आठवा. म्हणून घरी कापणं बंद करा. ताजी मेलेली दोन-तीन पक्षी पिशवीत, बर्फावर, फ्रीझरमध्ये नाही, जवळच्या सरकारी दवाखान्याला आधी फोन करून मगच न्या.

प्रश्न: म्हैस व्यायल्यापासून लघवी कॉफीसारखी. हे रक्तच ना?

काचेच्या ग्लासात धरून ठेवून द्या. लाल थर खाली बसला आणि वर साफ झालं तर ते रक्त, म्हणजे मूत्राशय किंवा मूत्रपिंडाकडे बघायचं. सगळीच लघवी एकसारखी गडद राहिली तर रक्तस्राव नाही, अंगातच रक्तपेशी फुटतायत. व्यायल्यानंतर म्हशीत त्याचं कारण बऱ्याचदा फॉस्फरस कमी पडणं हे असतं, शिवाय गोचिडीतून येणारा बबेसियाही असतो, आणि दोन्हीचा उपचार वेगळा. लोहाचं इंजेक्शन मारून वाट बघत बसू नका, म्हैस दोन-तीन दिवसांत पांढरीफटक पडते. ताप मोजा, रक्ताची काचपट्टी करा.

प्रश्न: कुत्र्याने काल उंदराच्या औषधाची वडी खाल्ली, पण आज मजेत आहे. दूध-तूप पाजलंय, पुरे का?

तुम्हाला मेसेजवर लगेच कळवलं होतं, इथे बाकीच्यांसाठी लिहितेय. पुरे नाही. या वड्यांमध्ये बहुतेक ब्रोमाडायोलोनसारखं रक्त गोठू न देणारं विष असतं, ते व्हिटॅमिन के वापरू देत नाही, पण शरीरात गोठवणारे घटक थोडे शिल्लक असतात म्हणून तीन ते पाच दिवस कुत्रा छान हिंडतो, मग छातीत नाहीतर पोटात रक्त साठतं, बाहेर थेंबही दिसत नाही आणि कुत्रा धापा टाकत मरतो. या विषाचं मूळ गुरांच्या चाऱ्यात आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये १९३३ साली एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन घेऊन युनिव्हर्सिटीत पोचला, बुरशी लागलेल्या स्वीट क्लोव्हरच्या वाळल्या चाऱ्यामुळे त्याची गुरं मरत होती, त्यावरच्या संशोधनातून पुढे वॉरफरिन निघालं आणि १९४८ पासून ते उंदरांसाठी विकलं जाऊ लागलं.

पहिल्या काही तासांत पोचलात तर डॉक्टर उलटी काढू शकतात. नंतर व्हिटॅमिन के-१ लागतं, ते आठवडे-आठवडे द्यावं लागतं, स्वस्तातलं के-३ त्याच्या जागी चालत नाही. वडीचं पाकीट सोबत न्या. आणि औषध बंद केल्यावर दोन-तीन दिवसांनी रक्त गोठण्याची टेस्ट परत करायची असते, तुमची तारीख जवळ आली असेल, डॉक्टरांना आजच विचारून घ्या.