कॅनडातले पैसे आत्ताच काढून टाकू का?

फेब्रुवारी 2026 मध्ये नाशिकचं एक जोडपं माझ्याकडे आलं. एकवीस वर्षं मिसिसॉगात काढून 12 ऑगस्ट 2024 ला कायमचं परतलेलं. बसता बसताच काका म्हणाले, “आरआरएसपी आत्ताच मोडून टाकू का? तिकडेही कर, इकडेही कर. पुतण्या म्हणतो, निम्मेसुद्धा हाती लागणार नाहीत.”

परतलेल्या माणसांचा हाच प्रश्न असतो, आणि त्यामागे भीतीच जास्त असते. आरआरएसपी म्हणजे कॅनडातली निवृत्तीची बचत. भरताना करात सूट मिळते, कर लागतो तो काढताना. काका 64 वर्षांचे. खातं 71 व्या वर्षाच्या डिसेंबरअखेरपर्यंत तसंच ठेवता येतं, म्हणजे घाई कसलीच नव्हती.

मी आधी विचारलं, “बँकेत पत्ता कुठला आहे?” काका थोडे घुटमळले. पत्ता तिथल्या मित्राच्या घरचा होता. म्हणजे बँकेच्या लेखी ते अजून कॅनडातच राहत होते. तिथल्या रहिवाशाने 15,000 डॉलरच्या वर एकरकमी काढले की ओंटारिओत 30 टक्के कापून घेतात, वर विवरणपत्रही भरावं लागतं. भारतात राहणाऱ्याचे 25 टक्के कापले जातात आणि सहसा कॅनडाचा हिशेब तिथेच मिटतो. तेव्हा पहिलं काम एकच, आपण आता भारतात राहतो हे बँकेला लेखी कळवायचं.

मग भारताची बाजू. परतल्यावर काही वर्षं माणूस निवासी असला तरी ‘सामान्य निवासी’ नसतो, आणि त्या काळात परदेशातल्या अशा उत्पन्नावर इथे कर नाही. मागच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असल्यामुळे काकांची 2024-25 आणि 2025-26 ही दोन वर्षं सरळ बसत होती. प्रश्न 2026-27 चा होता. मागच्या सात वर्षांत भारतातले दिवस 729 च्या आत असले तर तेही वर्ष मिळणार होतं.

काकूंनी पिशवीतून दोघांचे पासपोर्ट काढले, जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि पेन्सिलीने शिक्के मोजायला बसल्या. लग्नाला आलो ते सव्वीस दिवस, आईच्या आजारपणात आलो ते एकोणचाळीस... एप्रिल 2019 पासून परतेपर्यंतच्या काकांच्या फेऱ्यांचे 118 दिवस भरले. परतल्यापासून मार्च 2026 अखेरपर्यंतचे 597. एकूण 715. काकूंनी बेरीज दोनदा तपासली. चौदा दिवसांच्या फरकाने वर्ष हाती राहिलं होतं!

एक गोष्ट मी त्यांना लिहूनच दिली. काढलेली रक्कम आधी कॅनडातल्याच खात्यात येऊ द्या, मग इकडे पाठवा. थेट भारतातल्या खात्यात आली तर ती ‘भारतात मिळालेलं उत्पन्न’ धरली जाऊ शकते, आणि सवलतीचा उपयोग राहत नाही.

“आणि मार्च 2027 नंतर?” काका. तेव्हा उरलेलं खातं दरवर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्ता म्हणून दाखवायचं. ही गोष्ट कृपा करून टाळू नका. खात्यात दरवर्षी वाढणाऱ्या पैशावर मात्र लगेच कर भरावाच लागतो असं नाही. कॅनडा, अमेरिका आणि ब्रिटनमधल्या अशा खात्यांसाठी 2021 मध्ये प्राप्तिकर कायद्यात कलम 89अ आलं. पैसे काढाल त्या वर्षीच कर, हा पर्याय त्यात निवडता येतो. मुदतीत फॉर्म भरायचा, आणि एकदा निवडलं की मागे घेता येत नाही. 1 एप्रिल 2026 पासून नवा प्राप्तिकर कायदा आहे, त्यामुळे कलमाचा आणि फॉर्मचा क्रमांक त्या वेळचा बघायचा. तिकडे कापलेल्या कराची वजावट इथे मागता येते, पण इथल्या करापुरतीच.

सगळं ऐकून दोघांनी ठरवलं, घराच्या कामापुरतेच 40,000 डॉलर काढायचे. 10,000 तिकडे कापले जातील, 30,000 हाती येतील. बाकीचे राहू द्यायचे. जाताना काकूंनी कॅलेंडरचं ते पान घडी घालून पासपोर्टात ठेवलं.