ऑफिसच्या राउटरला चारच पोर्ट, आठ कॉम्प्युटर कसे जोडायचे? स्विच लावला तर नेट स्लो होतं का?

तुमचं ऑफिस फोंड्याला जुन्या घरात, काम टॅक्सचं, टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) एका कॉम्प्युटरवर आणि बाकीचे लॅनवरून, म्हणजे ऑफिसातल्या आपसातल्या नेटवर्कवरून, तीच उघडतात. राउटरला चार पोर्ट, चार कॉम्प्युटर होते तोवर भागलं, आता आठ झाले वर नेटवर्कचा प्रिंटर, आणि आठातले तीन अंगणापलीकडच्या खोलीत. कोणीतरी तुम्हाला सांगितलंय की स्विच लावला की नेट स्लो होतं, आणि घरी एक जुना राउटर पडलाय तोच वापरू का असं विचारताय.

मी म्हापशाला हीच कामं करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्विच म्हणजे एका पोर्टाचे अनेक पोर्ट करून देणारा डबा, त्याने नेट स्लो होत नाही. तुमच्या राउटरला मागे जे चार पोर्ट आहेत ना, तो पण आत एक छोटा स्विचच आहे, म्हणजे इतकी वर्षं तुम्ही स्विचच वापरताय. ही भीती हबच्या, म्हणजे स्विचच्या आधी जो डबा वापरायचे त्याच्या काळातली आहे. हबला एक कॉम्प्युटर काही बोलला की तो ते सगळ्या वायरींवर ओरडून सांगायचा आणि तेवढा वेळ बाकीच्यांनी गप्प बसायचं. स्विच कुठल्या पोर्टवर कोण बसलंय ते लक्षात ठेवतो आणि ज्याचं त्यालाच देतो. तुमचं कनेक्शन १०० एमबीपीएसचं असेल तर ते आठ जणांत वाटलं जाणारच, पण ते वायफायवर पण वाटलं गेलं असतं, त्यात स्विचचा काय दोष.

आता खरा मुद्दा, आणि इथेच बहुतेक जण घोळ घालतात. स्विच आणतात आणि जुने चार कॉम्प्युटर राउटरलाच ठेवून फक्त नवीन चार स्विचला लावतात, स्विचची वायर लावायला राउटरला जागाच उरत नाही, मग एकाला उपटून काहीतरी जुगाड करतात. असं करू नका. सगळे कॉम्प्युटर राउटरमधून काढा आणि सगळे स्विचला लावा, राउटरला स्विचकडून एकच वायर जाऊ दे.

कारण सांगतो. टॅलीचा डेटा तुमच्या ऑफिसातल्या ऑफिसात फिरतो, त्याला इंटरनेटशी काही घेणंदेणं नाही. कंपनीवाले जो फायबरचा डबा देतात त्यातल्या बऱ्याच डब्यांवर एकच पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) असतो आणि बाकीचे १०० चे. १०० च्या पोर्टवरून सेकंदाला जेमतेम ११-१२ एमबी जातात, म्हणजे २ जीबीचा बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाकायला तीन मिनिटं, तोच गिगाबिट स्विचवरून वीस-पंचवीस सेकंदांत होतो, अर्थात हार्डडिस्क तेवढी पळणारी हवी. आणि दुसरा फायदा असा की राउटर हँग झाला, तुम्ही तो बंद करून चालू केला, तरी टॅली चालूच राहते कारण ती राउटरमधून जातच नाही. जीएसटीच्या २० तारखेला याची किंमत कळते.

आता पोर्ट मोजा. पुढच्या खोलीत पाच कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक वायर राउटरला, एक मागच्या खोलीला, झाले आठ. म्हणजे ८ पोर्टचा स्विच आणलात तर पहिल्याच दिवशी हाउसफुल, उद्या कॅमेऱ्याचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) आला की परत माझ्यासारख्याला फोन. १६ पोर्टचा घ्या, पैसे जास्त गेले तरी. मागे ५ पोर्टचा पुरे, तीन कॉम्प्युटर आणि पुढून आलेली वायर, एक शिल्लक. दोन्ही साधे अनमॅनेज्ड (ज्यात काही सेटिंग करावं लागत नाही असे) चालतील, फक्त बॉक्सवर गिगाबिट लिहिलंय ना ते बघा, नुसतं १०/१०० असेल तर परत ठेवा. टीपी-लिंक घ्या नाहीतर डी-लिंक घ्या, मला फारसा फरक वाटलेला नाही (डी-लिंक इंडियाचं रजिस्टर्ड ऑफिस आपल्या वेर्ण्याला आहे हे बऱ्याच गोंयकारांना माहीत नसतं, असो). स्विच यूपीएसवर ठेवा. कॉम्प्युटर यूपीएसवर आणि स्विच साध्या प्लगवर असेल तर लाईट गेल्यावर कॉम्प्युटर चालू आणि टॅली बंद, असली गंमत मी खूप ठिकाणी बघितलीय.

वायर कॅट ६ (नेटवर्कच्या वायरीचा एक प्रकार) घ्या आणि दुकानदाराला विचारा की पूर्ण तांब्याची आहे का. स्वस्तातली वायर आतून ॲल्युमिनियमची आणि वरून तांब्याचा मुलामा अशी येते, ब्लेडने तार खरवडली की पांढरी दिसते, ती नको. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात, म्हणून बाकीच्या चारांपैकी एखादी तार नीट बसली नसेल तर बहुतेक वेळा नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर येतं आणि तुम्हाला कळत पण नाही. पावसाळ्यात आपल्याकडे जॅकच्या (वायरीच्या टोकाच्या प्लगच्या) पिना हिरव्या पडतात त्याने पण हेच होतं. म्हणून सगळं जोडून झालं की प्रत्येक कॉम्प्युटरवर नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन लिंक स्पीड बघा, १००० दिसलं पाहिजे. जिथे १०० दिसेल तिथला जॅक कापून नवीन मारा.

जुना राउटर अडीअडचणीला स्विच म्हणून चालतो, पण त्याचं डीएचसीपी (प्रत्येक कॉम्प्युटरला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा नंबर, आपोआप वाटणारी सोय) बंद करायचं, त्याचा स्वतःचा आयपी बदलून १९२.१६८.१.२ वगैरे करायचा आणि वायर इंटरनेटच्या पोर्टला न लावता लॅनच्या पोर्टला लावायची. डीएचसीपी चालू राहिलं तर ऑफिसात दोन दोन जण आयपी वाटत बसतात, सकाळी कोणाचं नेट चालतं कोणाचं नाही, रिस्टार्ट केलं की उलटं, आणि तुम्ही दिवसभर वेडे होता. त्यात त्याचे पोर्ट बहुतेक १०० चेच असणार. एका छोट्या स्विचसाठी कशाला डोक्याला ताप.

एक गोष्ट मात्र सगळ्या स्टाफला बजावून ठेवा, सुटलेली वायर दिसली म्हणून कुठेही खोचायची नाही. दोन वर्षांपूर्वी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या आठवड्यात एका ऑफिसातून फोन आला, इंटरनेट नाही, प्रिंटर नाही, काहीच नाही. त्यांनी इंटरनेटवाल्यांकडे तक्रार करून झाली होती, राउटर चार वेळा बंद-चालू करून झाला होता. मी भर पावसात बाईकवरून गेलो, टेबलाखाली वाकून बघतो तर स्विचचे सगळे दिवे एकदम लुकलुकतायत, एका तालात. नेहमी प्रत्येक दिवा आपापल्या मर्जीने लुकलुकतो. ते बघूनच कळलं. एकेक वायर उपटत गेलो, सहावी उपटली आणि दिवे शांत. त्या वायरीचं दुसरं टोक त्याच स्विचमध्ये होतं. चवथीची साफसफाई करताना कोणाला तरी ते टोक खाली लोंबताना दिसलं आणि बिचाऱ्याने चांगल्या मनाने रिकाम्या पोर्टला लावून टाकलं. बहुतेक साध्या स्विचना डेटाचं हे गोल गोल फिरणं थांबवता येत नाही, एकदा सुरू झालं की सगळं नेटवर्क बसतं. मी तेव्हापासून दोन्ही टोकांना कागदी टेप लावून त्यावर नाव लिहितो, 'प्रिंटर', 'मागची खोली', 'राउटर'. तुमच्याकडे तर दोन स्विच असणार, त्या दोघांत पण एकच वायर, स्पीड वाढेल म्हणून दुसरी टाकलीत तर हेच होईल.

राहिली मागची खोली. ती खोली त्याच घराची असेल, त्याच मीटरवर, आणि वायर भिंतीच्या कडेने पाइपातून नेता येत असेल तर कॅट ६ टाका, १०० मीटरपर्यंत चालते, तुमचं अंतर त्यापुढे काहीच नाही. चिऱ्याची भिंत आहे, भोक पाडताना बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्या नाहीतर पावसाचं पाणी पाइपातून सरळ आत येईल. पण खोली वेगळ्या इमारतीत असेल किंवा वायर अंगणावरून हवेत ताणावी लागणार असेल तर तांब्याची वायर अजिबात नको. पावसाच्या सुरवातीला आणि परत ऑक्टोबरात जो गडगडाट होतो त्यात एकदा जवळपास वीज पडली की त्या वायरीतून दोन्हीकडे झटका जातो. माझ्या एका गिऱ्हाईकाने माझं न ऐकता माडावरून वायर ओढली होती, एका संध्याकाळी स्विच आणि दोन कॉम्प्युटरचे लॅन पोर्ट गेले. तिथे फायबर टाका, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची वायर जोडणारा डबा), फायबरमध्ये धातू नसल्याने वीज त्यातून येत नाही, फक्त आधाराला लोखंडी तार असलेली केबल घेऊ नका. तुमच्या गावातला केबलवाला अर्ध्या तासात जोडून देईल.

आणि हो, प्रिंटरचा आयपी राउटरमध्ये जाऊन फिक्स करून ठेवा. नाहीतर लाईट जाऊन आली की कधीतरी त्याला नवा नंबर मिळतो आणि सगळे म्हणतात स्विच लावल्यापासून प्रिंटर बिघडला.