एकाच नंबरच्या तीन बस एकदम का येतात, आणि पहिलीच का खचाखच भरलेली असते?

तुम्ही विचारलंय की मुंबईत थांब्यावर वीस-पंचवीस मिनिटं ताटकळल्यावर एकाच नंबरच्या दोन-तीन बस पाठोपाठ येतात, पहिलीत पाय ठेवायला जागा नसते आणि मागची अर्धी रिकामी असते. हे ड्रायव्हर मुद्दाम करतात का, आणि गाड्या वाढवल्या की हे बंद होईल का? मुद्दाम करत नाहीत. आणि गाड्या वाढवायलाच हव्यात, पण नुसत्या वाढवून हे बंद होणार नाही.

मी संख्याशास्त्र शिकवते आणि बसने ये-जा करते, त्यामुळे हा विषय मला जवळचा आहे. ज्या माणसाकडे गाडी नाही आणि रोज रिक्षा परवडत नाही, त्याचा दिवस या बसवर अवलंबून असतो. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

३१० नंबर घ्या: वांद्रे पूर्व ते कुर्ला स्टेशन, वाटेत बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल. समजा या मार्गावर दर ६ मिनिटांनी बस आहे आणि एका थांब्यावर दर मिनिटाला ५ माणसं येऊन उभी राहतात. सगळं वेळेवर असेल तर प्रत्येक बसला त्या थांब्यावर ३० माणसं मिळतील. आता एक बस सिग्नलला अडकून फक्त २ मिनिटं मागे पडली. तिच्यासाठी आता ३० ऐवजी ४० माणसं उभी आहेत. एकाला चढायला ३ सेकंद धरले तरी त्या एका थांब्यावर तिचं आणखी अर्धं मिनिट जातं. म्हणजे पुढच्या थांब्यावर ती अडीच मिनिटं उशिरा पोचते, तिथे गर्दी आणखी, वेळ आणखी. बस भरत गेली की दारातून आत सरकायलाही वेळ लागतो, मग ते ३ सेकंदांचे ५ होतात.

तिच्या मागची बस मात्र वेळेवरच निघाली होती. पुढची बस नुकतीच माणसं उचलून गेल्यामुळे हिला थांब्यावर २०च माणसं दिसतात. ती पटकन भरते, पटकन निघते आणि हळूहळू पुढचीला जाऊन चिकटते. यात दोन्ही ड्रायव्हरांनी काहीच चुकीचं केलेलं नाही. न्यूएल आणि पॉट्स या दोन अभ्यासकांनी १९६४ मध्ये हे गणिताने मांडलं होतं, की बसचा मार्ग स्वभावतःच अस्थिर असतो. छोटासा उशीर आपोआप भरून निघत नाही. तो वाढत जातो आणि शेवटी गाड्यांच्या जोड्या लागतात. मुंबईत त्यात लोकलची भर पडते. वांद्र्याला एक लोकल येते आणि शेकडो माणसं एकदम पुलावरून खाली उतरतात. त्या क्षणी थांब्यावर जी बस असेल तिच्यावर सगळा भार पडतो. मग ती बस बीकेसीत शिरेपर्यंत मागची तिच्या पाठीशी आलेली असते.

आता तुमच्या वाट बघण्याचं गणित. तासाला १० बस, म्हणजे सरासरी दर ६ मिनिटांनी एक. अंतर सारखं असेल तर थांब्यावर कधीही येणाऱ्या माणसाला सरासरी ३ मिनिटं थांबावं लागेल. त्याच १० बस दोन-दोनच्या जोडीने आल्या तर मधली फट १२ मिनिटांची होते आणि सरासरी वाट ६ मिनिटांची. तीन-तीनच्या घोळक्याने आल्या तर फट १८ मिनिटांची आणि सरासरी वाट ९ मिनिटांची. गाड्या तेवढ्याच, ड्रायव्हर तेवढेच, डिझेल किंवा वीज तेवढीच, पण तुमची वाट तिप्पट. तुम्हाला वाटतं की आपण नेहमी मोठ्या फटीतच सापडतो, आणि ते नुसतं वाटणं नाही: फट जितकी लांब, तितकी जास्त माणसं तिच्यात येऊन उभी राहतात.

गर्दीचंही तसंच आहे, आणि याकडे फारच कमी लोक लक्ष देतात असं मला वाटतं. दोन बस जोडीने आल्या, पहिलीत ७० माणसं आणि दुसरीत १०. कागदावर दर बसला ४० प्रवासी, म्हणजे आटोपशीर. पण त्या ८० माणसांपैकी ७० जण कोंबलेल्या बसमध्ये आहेत. बसची सरासरी काढली तर मार्ग ठीक दिसतो. माणसांची सरासरी काढली तर जवळजवळ सगळ्यांचा प्रवास घुसमटीचा निघतो. या मार्गावर गर्दी फार नाही, असं कुणी आकडे दाखवून सांगू लागलं तर आधी विचारायचं, की ही सरासरी बसची की माणसांची? कडेवर मूल घेऊन उभ्या असलेल्या बाईला मागची बस रिकामी होती याचा काही उपयोग नसतो.

तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग, गाड्यांचा. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने शहरी वाहतुकीसाठी जे मानदंड ठरवले, त्यात चांगल्या सेवेसाठी दर हजार लोकसंख्येमागे ०.६ बस, म्हणजे लाखामागे ६० बस धरल्या आहेत. २०११ च्या जनगणनेत मुंबई महापालिका हद्दीची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. म्हणजे तेव्हाच्याच माणसांसाठी साडेसात हजारांच्या आसपास बस हव्यात. बेस्टकडे भरभराटीच्या काळात साडेचार हजारांहून अधिक होत्या आणि अलीकडच्या वर्षांत ताफा तीन हजारांच्याही खाली आला. लोकलचा भार मोठा असल्यामुळे मुंबईला हा मानदंड जसाच्या तसा लावता येत नाही असं कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. तरीही एवढी तफावत लोकलने भरून निघत नाही, कारण लोकलपर्यंत पोचायलाही बसच लागते.

गाड्या कमी असल्या की घोळका सुधारायला वावच राहत नाही. शेवटच्या थांब्यावर बसला जी दहा-पंधरा मिनिटं विसावा मिळायला हवा, तीच उशीर पुसून टाकायची जागा असते. बस २० मिनिटं उशिरा आली तर तिची परतीची फेरी वेळेवर निघू शकते ती फक्त राखीव गाडी उभी असेल तर. गाडीच नसेल तर उशिराची फेरी उशिरानेच परत निघते, किंवा ती फेरी रद्द होते. एक फेरी रद्द झाली की मागच्या बसला दुप्पट माणसं, आणि वर सांगितलेलं चक्र पुन्हा सुरू. संध्याकाळी सहानंतर सेवा विस्कळीत दिसते तिचं मूळ बऱ्याचदा दुपारी चारला सापडतं.

आता पैशाचं. २०१८-१९ पासून बेस्टने स्वतःच्या गाड्या घेण्याऐवजी भाडेतत्त्वावर घ्यायला सुरुवात केली. गाडी, ड्रायव्हर आणि देखभाल कंत्राटदाराची, आणि त्याला पैसे मुख्यतः धावलेल्या किलोमीटरवर. जुलै २०१९ मध्ये किमान भाडं ५ रुपयांवर आणलं, प्रवासी परतले, ते चांगलंच झालं. मे २०२५ मध्ये ते १० रुपये झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी ड्रायव्हरांनी पगारासाठी संप केला तेव्हा रस्त्यावरच्या बस एका झटक्यात कमी झाल्या होत्या. मला कंत्राट या गोष्टीचाच विरोध करायचा नाही. माझा आक्षेप कशावर पैसे देतो याला आहे. तीन बस चिकटून कुर्ल्याला पोचल्या तरी किलोमीटर पूर्ण भरतात आणि बिल पूर्ण निघतं. थांब्यावर १८ मिनिटं गेलेल्या माणसाची त्या बिलात कुठेच नोंद नाही.

हे दुसऱ्या पद्धतीने करता येतं. लंडनमध्येही बस खासगी कंपन्या चालवतात. पण तिथे तासाला पाच किंवा अधिक बस असलेल्या मार्गांवर वेळापत्रकातली मिनिटं पाळली की नाही हे बघत नाहीत. बस सारख्या अंतराने आल्या असत्या तर जितकं थांबावं लागलं असतं, त्याहून प्रवाशाला किती जास्त थांबावं लागलं, हे मोजतात. २००१ पासून कंपन्यांचा बोनस आणि कपात त्या आकड्याला बांधलेली आहे. सिंगापूरने २०१४ मध्ये याच धर्तीवर सुरुवात केली. आपल्या बसमध्येही आता जीपीएस आहे, चलो ॲपवर बस नकाशावर सरकताना दिसते. म्हणजे दोन बसमधलं अंतर मोजायला लागणारी माहिती आपोआप जमा होते. ती कंत्राटात आणायची इच्छा हवी.

अंतर राखायचा उपाय ऐकायला विचित्र आहे: मागच्या बसला मधल्या एखाद्या थांब्यावर दोन-तीन मिनिटं मुद्दाम रोखून धरायचं. पूर्वी हे काम नाक्यावरचे स्टार्टर करायचे, हातात तक्ता आणि घड्याळ घेऊन. आता नियंत्रण कक्षातून ड्रायव्हरला सूचना देता येते. अडचण एवढीच, की बस थांबली की आतले प्रवासी ड्रायव्हरवर ओरडतात. लंडनमध्ये अशा वेळी बसमध्ये घोषणा होते, की गाड्यांमधलं अंतर सारखं राहावं म्हणून आपण थोडं थांबतोय. आपल्याकडेही कंडक्टरने हे मराठी-हिंदीत सांगितलं तर लोक समजून घेतील, याची मला खात्री आहे. मुंबईकर कारण कळलं की थांबतो. कारण न कळता थांबायला लावलं की चिडतो.

रस्त्यावर बससाठी वेगळी मार्गिका असेल तर पहिला उशीरच कमी होतो. बंगळुरूने ऑक्टोबर २०१९ मध्ये बाहेरच्या रिंग रोडवर ती केली होती, पुढे मेट्रोच्या कामात ती टिकली नाही. पुण्यात बीआरटीची, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकांची, सुरुवात २००६ मध्ये कात्रज-हडपसरला झाली आणि नंतर नगर रस्त्यावरची मार्गिका काढूनही टाकली. मला याचं फार वाईट वाटतं. ६० माणसांच्या बसला पाच मोटारींच्या मागे उभं करणं कोणत्याच हिशोबात बसत नाही.

मागची रिकामी बस थांब्यावर न थांबता निघून का जाते, असंही तुम्ही विचारलंय. पुढची थांब्यावर माणसं घेत असताना मागची तिला ओलांडून पुढचे थांबे घेऊ लागली तर सगळ्यांचाच फायदा असतो. पण तुमच्या थांब्यावर माणसं राहिलेली असताना ती निघून गेली तर तो अन्याय आहे, आणि त्याची तक्रार करायलाच हवी.

तोवर तुमच्यापुरतं: ॲपवर मागची बस एक-दोन थांबेच मागे दिसत असेल आणि फार घाई नसेल, तर पहिलीत लटकू नका. पहिली आता प्रत्येक थांब्यावर रेंगाळणार, मागची बहुतेक तिच्याबरोबरच पोचेल आणि बसायलाही मिळेल. शक्य असेल तर वांद्र्याला लोकलच्या लोंढ्याबरोबर न धावता पाच मिनिटं मागे राहा, लोंढा ओसरलेला असतो. आणि तक्रार करताना 'बस उशिरा आली' असं लिहू नका, त्याला वाहतूक कोंडी हे तयार उत्तर असतं. तारीख, थांबा, मार्ग, आधीची बस किती वाजता गेली आणि पुढच्या किती एकदम आल्या, एवढं लिहा. ३१० चे नेहमीचे प्रवासी मिळून महिनाभर असं लिहित राहिले तर आगाराला उत्तर देताना अंतराबद्दल बोलावं लागेल, आणि नगरसेवकासमोर ठेवायला तुमच्याकडे कागद असेल.