रोमा मुलांना चित्रकला शिकवून त्यांच्या शिक्षणात खरोखर फरक पडतो का?

आपण हंगेरीच्या राजधानीत, बुडापेस्टमध्ये, शिकत आहात आणि रोमा या युरोपातील वंचित अल्पसंख्य समाजाच्या मुलांसाठी शिक्षण व कलेच्या माध्यमातून काम करणाऱ्या एखाद्या युवा गटात जाऊ इच्छिता. परंतु ज्यांच्या घरात पुरेसे सरपणही नसते, त्या मुलांना चित्रे काढायला शिकवून काय साधणार, अशी शंका आपण विचारली आहे. माझ्या मते पुष्कळ साधते. मात्र त्या मुलाला चित्राच्या कागदापासून परीक्षेच्या वर्गापर्यंत नेणारी माणसे त्याच गटात असली पाहिजेत.

आधी शाळेची बाजू पाहू. मध्य युरोपात अनेक दशके असंख्य रोमा मुलांना बौद्धिकदृष्ट्या अक्षम ठरवून विशेष शाळांत घातले गेले. चेक प्रजासत्ताकातील ओस्त्रावा येथील १८ मुलांच्या प्रकरणात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १३ नोव्हेंबर २००७ रोजी हा भेदभावच असल्याचा निर्णय दिला. ज्या चाचण्यांवरून या मुलांची वर्गवारी झाली, त्यांत पूर्वग्रह असण्याचा धोका आहे आणि रोमा मुलांची वेगळी परिस्थिती विचारात न घेताच त्यांचे निकाल लावले गेले, असे न्यायालयाने नोंदवले. ‘तुला जमणार नाही’ हे इतक्या लहान वयात ऐकलेले मूल वही उघडायलाच धजत नाही, आणि कलेचे खरे काम इथे सुरू होते.

हंगेरीच्या पूर्व भागात बेरेत्त्योउयफालु येथे नोरा रितोक या कलाशिक्षिकेने १९९९ मध्ये ‘इगाझद्योंद्य’ हे प्रतिष्ठान स्थापन केले. भोवतालच्या खेड्यांतील गरीब मुले, ज्यांत रोमा मुले पुष्कळ आहेत, तिथे चित्रकला शिकतात. अनेक मुलांनी मिळून एकच मोठे चित्र काढायचे, ही पद्धत मला विशेष मोलाची वाटते, कारण दुसऱ्याच्या रंगाला जागा देणे आणि हाती घेतलेले पुरे करणे या सवयी तीत आपोआप अंगी बाणतात. मुलांमुळे शिक्षकांचा घरांशी संबंध आला आणि केवळ चित्रांवर भागणार नाही, हे स्पष्ट झाले. पुढे तोल्द या गावात प्रतिष्ठानने कुटुंबांसोबतही काम सुरू केले. तेथील स्त्रिया मुलांच्या चित्रांवरून भरतकाम करून त्या वस्तू विकतात. मुलाच्या चित्रातून आईच्या हाती चार पैसे आले, की त्या घरात शाळेविषयीची बोलणीही बदलतात, असे मला वाटते.

संगीताच्या बाबतीत मात्र मी थोडा सावध आहे. रोमा म्हणजे जन्मजात वादक, ही समजूत इतकी रुजलेली आहे की मुलाला केवळ व्हायोलिन दिले तर समाजाने ठरवून ठेवलेल्या जागीच त्याला बसवल्यासारखे होते. तरीही गिटारवादक फेरेन्त्स श्नेत्बर्गर यांनी २०११ मध्ये बालाटोन सरोवराजवळील फेल्शोऑर्श येथे सुरू केलेले निवासी संगीत केंद्र मला योग्य दिशेचे वाटते, कारण तिथे उपजत गुणावर विसंबून न राहता शिस्तशीर शिक्षण दिले जाते.

मराठी वाचकाला जवळचे वाटेल असे उदाहरण ईशान्य हंगेरीतील शायोकाझा गावचे आहे. यानोश ओर्शोश, जे स्वतः रोमा आहेत, आणि तिबोर देर्दाक यांना बाबासाहेबांच्या विचारांत आपल्या लोकांच्या प्रश्नाचे उत्तर दिसले. ते महाराष्ट्रात येऊन बौद्ध वस्त्यांतील कार्य पाहून गेले, आणि २००७ मध्ये त्यांनी ‘जय भीम’ नावाच्या आपल्या संस्थेतर्फे डॉ. आंबेडकरांच्या नावाची माध्यमिक शाळा काढली. शिक्षण अर्धवट सुटलेल्या तरुणांना आपल्या बारावीच्या तोडीच्या परीक्षेला बसवणे, हे तिचे मुख्य काम. ही परीक्षा नसेल तर विद्यापीठाचा मार्गच बंद होतो.

म्हणून गट निवडताना तो वस्तीत वर्षभर असतो का, मुलांना शाळेच्या अभ्यासासाठी तो रोज बसवतो का, आणि त्याच्या कार्यकर्त्यांत रोमा तरुण निर्णय घेणाऱ्या जागी आहेत का, हे अवश्य विचारा. हंगेरीत वस्तीतील अशा अभ्यासिकांना ‘तानोदा’ म्हणतात. शोध तिथूनच सुरू करावा. केवळ उन्हाळी शिबिरापुरते जाऊ नका, निदान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष द्या. आपल्याला हंगेरियन येत नसेल तरी बारावीच्या तोडीच्या त्या परीक्षेत एक परकीय भाषा अनिवार्य असते, त्यामुळे चित्रांच्या वर्गाबरोबरच इंग्रजीचा एक नियमित तास घेण्याची तयारी आपण सुरुवातीलाच कळवावी.