जहाल जंतू आणि दाद न देणारे जंतू

प्रश्न असा आहे: 'रक्तातील जंतुसंसर्गावरच्या एका लेखात "अतिविषारी व प्रतिकारक्षम जिवाणू" असे वाचले. व्हिर्युलन्स आणि रेझिस्टन्ससाठी हे शब्द बरोबर आहेत का? आणि शेवटी दोन्हींचा अर्थ एकच ना?'

एकच नाही. जंतू माणसाचे किती नुकसान करू शकतो, हा झाला व्हिर्युलन्स. औषधाने तो मरतो की नाही, हा रेझिस्टन्स. क्लेब्सिएला न्यूमोनिए या जिवाणूत हा फरक लख्ख दिसतो. इस्पितळात ठाण मांडून बसणारे त्याचे वाण बरीच औषधे पचवतात, पण गाठतात बहुधा आधीच खंगलेल्या रुग्णाला. उलट, 1986 मध्ये तैवानमधून नोंदवलेल्या रुग्णांत हा जिवाणू यकृतात गळू करून थेट डोळ्यापर्यंत पोचला होता. असे वाण हिंडत्याफिरत्या माणसालाही आडवे करतात. बहुतेक प्रतिजैविकांनी मात्र ते मरत. प्रयोगशाळेत त्यांच्या वसाहतीला तारेचे टोक लावून उचलले, तर पाकासारखी तार येते. ती पाच मिलिमीटरहून लांब निघाली की संशय बळावतो.

आता 'विषारी'. व्हिर्युलन्सच्या मुळाशी लॅटिनमधला विषवाचक 'वीरुस' आहे, आपल्या 'विष'चाच भाऊबंद, त्यामुळे हा मोह समजण्यासारखा आहे. पण या वाणांची मुख्य हत्यारे विषे नाहीतच. एक म्हणजे पांढऱ्या पेशींना गिळू न देणारे जाड, बुळबुळीत कवच. दुसरे, आपल्या शरीरातले लोह ओरबाडून घेणारे रेणू. शिवाय 'विषाणू' हा शब्द व्हायरसने आधीच अडवलाय. 'उग्र' म्हटले की मला तरी आधी वासच आठवतो. मी 'जहाल' घेईन. जहाल विष आपण म्हणतोच, आणि जहाल-मवाळांपासून या शब्दाला विषाबाहेरही वावरायची सवय आहे.

'प्रतिकारक्षम' मला खटकतो तो वेगळ्या कारणाने. रोगप्रतिकारशक्ती आपली असते; तोच शब्द जंतूला दिला की औषध रुग्णाच्याच अंगवळणी पडले, असा समज होतो. बदललेला असतो जंतू. काही जंतू तर कार्बापेनेमसारखी राखीव औषधेही तोडणारे विकर बनवतात. यासाठी मराठीत रुळलेला प्रयोग आहेच: 'औषधांना दाद न देणारा क्षयरोग'. 'न जुमानणारा'ही छान.

दोन्ही गुण एकाच जंतूत येऊ शकतात, हे खरे. चीनमधल्या हांगचौ येथे 2016 साली अतिदक्षता विभागातले पाच रुग्ण अशाच क्लेब्सिएलाच्या संसर्गानंतर दगावले. कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या वाणाने जहालपणाची जनुके असलेले प्लाझ्मिडही, म्हणजे जंतूंमध्ये हस्तांतरित होऊ शकणारे डीएनएचे सुटे वर्तुळ, मिळवले होते. हे सांगायचे, तर दोन वेगळे शब्द हाताशी हवेतच.

तेव्हा ते वाक्य 'अतिजहाल आणि प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू' असे करावे. मथळ्यात मावत नसेल तर 'औषधरोधी' चालेल.