चुन्याच्या घरात अभ्यासिका करताना

प्रश्न : चरईत आमचं जुनं दुमजली कौलारू घर आहे. भिंती चुन्यात बांधलेल्या विटांच्या, वर सागवानी तुळया आणि फळ्या. तिथं वाचनालय व अभ्यासिका सुरू करायची आहे. तळमजल्यावर तीन फुटांपर्यंत ओल चढून भिंतींना लोणा (पांढरे क्षार) लागलाय. कंत्राटदार म्हणतात, गिलावा काढून सिमेंटचा करा आणि पुस्तकांची कपाटं वर ठेवा. करावं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दोन्ही करू नका. सिमेंटच्या दाट गिलाव्यातून ओल बाहेर पडत नाही, ती भिंतीतच आणखी वर चढते. क्षार गिलाव्यामागे साचतात आणि विटेचा भुगा होऊ लागतो.

आधी पाणी येतं कुठून ते पाहा. रस्त्यावर थरावर थर चढून जुन्या आळ्यांतली कितीतरी जोती बुडाली आहेत. बाहेरून भिंतीलगतची फरशी उखडा, बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा किमान 6 इंच खाली न्या, उतार बाहेर द्या, पन्हळी दुरुस्त करा. मगच गिलाव्याला हात लावा. ओलीच्या रेषेवर आणखी फूटभर गिलावा खरवडा आणि लोणा कोरड्या ब्रशनं झाडा. धुतलात तर क्षार विरघळून पुन्हा आत शिरतात. दिवाळी ते होळी भिंत उघडी राहू द्या.

नव्या गिलाव्याला किमान 2-3 आठवडे पाण्याखाली मुरवलेला चुना एक भाग आणि चाळलेली वाळू तीन भाग. ओलीच्या जागी थोड्या वाळूऐवजी सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, घाला. समुद्राची वाळू नकोच, तिच्यातलं मीठ पुन्हा लोणा आणतं. एक थर 10-12 मिमीचा, त्यावर आठवडाभर ओली गोणपाटं. घाई केली की तडे जातात. शेवटी चुन्याचे पातळ हात द्या, प्लास्टिक पेंट नको.

आता वजन. घराची जमीन दर चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरून आखतात, पुस्तकांच्या रॅकसाठी किमान 600 किलो धरावे लागतात. म्हणून रॅक तळमजल्यावर, ओल्या भिंतीपासून हातभर दूर. वर फक्त टेबल-खुर्च्या, तेही स्ट्रक्चरल इंजिनियरनं तुळया तपासल्यावरच. तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक आधी कुजतं. तिथं टोचा मारून पाहा. सहज आत गेला तर कुजका भाग कापून नवं सागवान जोडावं लागेल. टोकाभोवती बोटभर पोकळी ठेवा. गवंडी ती सिमेंटनं बुजवतात आणि टोक पुन्हा कुजतं.

स्वच्छतागृह मागच्या अंगणात, फळ्यांच्या जमिनीवर कधीच नाही. वायरिंग नवी, पण भिंती न खोदता पाइपमधून. घर वारसा यादीत आहे का आणि वापरबदलाची परवानगी, हे दोन्ही काम सुरू करण्याआधी महापालिकेत विचारून घ्या.

प्रश्न : कौलं काढून पत्रा टाकला तर?

उत्तर : अभ्यासिकेत तर नकोच. पावसाळ्यात पत्र्याखाली वाचता येत नाही आणि मे महिन्यात बसवत नाही. फुटकी कौलं बदला, कुजलेल्या रिपा नव्या बसवा.