मामा तलावाची पाळ: आधी ढिवरांना विचारा

भाऊ, मामा तलावाची पाळ (मातीचा बांध) टिकावी म्हणून तिच्यावर रोपं लावायची तुमची उमेद चांगली आहे, पण लागवडीचा नकाशा आत्ताच नका काढू. भंडारा-गोंदियाकडचे मामा, म्हणजे माजी मालगुजारी (मालगुजारांच्या काळातले) तलाव बरेचसे कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. आज लाट कुठं आपटते, पाळ कुठं खचते, हे तलावात मासेमारी करणाऱ्या ढिवरांना पाठ आहे. तलाव भरलेला असताना त्यांच्यासोबत पाळीवरून फिरा.

- डोंगा लागतो, ढोरं उतरतात, बाया धुणं धुतात, त्या जागा मोकळ्या सोडा. नाहीतर रोपं तुडवली जाणारच.
- उतारावर वाळा (खस गवत) लावा, मुळं खोल जातात. पाळीवर मोठी झाडं नकोत; मुळं कुजली की पोकळीतून पाणी झिरपतं.
- बेशरम (झपाट्यानं पसरणारं झुडूप) फुकट मिळते म्हणून लावाल, तर तलावच जाईल!

धानाच्या रोवणीच्या दिवसांत सभा घेऊ नका, कोणी येत नाही. सभेत बाया मागे गप्प बसल्या, तर दुसऱ्या दिवशी घाटावर जाऊन विचारा. रोपांतलं अंतर वगैरे नंतर सांगतो.